तळ्याकाठचा एक बूट

अण्णांनी जपानमधल्या देवळांचे हजारो फोटो काढले, पण त्यातल्या एकाही फोटोत देऊळ नाही. देवही नाही. पायऱ्या आहेत, अंगण आहे, उदबत्तीच्या धुराने डोळे चोळणारी माणसं आहेत, कामाकुराच्या भल्यामोठ्या बुद्धासमोर उलट्या झालेल्या छत्रीशी झटापट करणारी एक म्हातारी आहे. बुद्ध मात्र नाही. कारण अण्णा देवाकडे पाठ करून उभे राहत आणि समोर दिसेल ते टिपत.

"देवाचा फोटो कुठल्याही दुकानात मिळतो गड्या," ते म्हणायचे. "देवाला दिवसभर काय दिसतं, त्याचा फोटो कुठं मिळतो सांग."

त्यांचं खरं नाव इथे देत नाही. तशी त्यांचीच अट आहे. मूळचे सांगलीचे. ऑफिसात आम्ही मराठी मंडळी त्यांना अण्णा म्हणायचो, ते ऐकून जपानी सहकाऱ्यांना तेच त्यांचं आडनाव वाटलं आणि ते कायमचे अण्णा-सान झाले. एकदा कुठल्याशा बैठकीच्या बिल्ल्यावरही तसंच छापून आलं. अण्णांनी दुरुस्ती केली नाही. "अख्खं ऑफिस मला मोठा भाऊ म्हणतंय," ते म्हणाले, "मोडता कशाला घालू?"

वीसेक वर्षांपूर्वी कंपनीने मला पुण्याहून टोकियोला पाठवलं, तेव्हा तिथल्या हिगाशी-कसाई भागात अण्णांची आणि माझी बिल्डिंग एकच होती. ते तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. ही तेव्हा सासूबाईंच्या आजारपणामुळे पुण्यातच राहिली होती, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने माझं रात्रीचं जेवण बहुतेक अण्णांकडेच व्हायचं. हुद्द्याने मी वरचा, वयाने ते मोठे. ऑफिसात ते मला 'तुम्ही' म्हणायचे आणि लिफ्टचं दार बंद झालं की 'काय गड्या'.

महिन्यातून एका रविवारी ते आमच्या मराठी कुटुंबांना कुठल्या ना कुठल्या देवळाला घेऊन जात. त्या सहलींचे ते कर्ते, धर्ते आणि हमाल. पाठीवरच्या पिशवीत एक मोठा स्टीलचा डबा असे आणि त्यात भडंग. सांगलीहून कोणी आलं की भडंगाचं सामान आल्याशिवाय त्या माणसाला वहिनी घरात घेत नसत, असं अण्णा सांगायचे.

त्यांचा पहिला नियम म्हणजे टेकणं. दर्शन झालं की देवळाच्या पायरीवर घटकाभर टेकायचं, ही आपली रीत. जपानी देवळात तसं कोणी टेकत नाही. लोक येतात, वाकतात, नाणं टाकतात, पुढे जातात. अण्णा मात्र आम्हा सगळ्यांना रांगेने पायरीच्या कडेला बसवत आणि डबा उघडत. "देवाला भेटून तसंच उठून जायचं म्हणजे काय, तो काय पोस्टमन आहे?" अंगणात आणखी चार देवळं बघायची राहिलेली असत, परतीची गाडी चुकणार असे, पण टेकल्याशिवाय सुटका नव्हती. एकदा झाडू मारणारे एक वयस्क भिक्षू आमच्यापुढे येऊन थांबले. आता ओरडा बसणार म्हणून बायका पदर सावरून उठायला लागल्या. अण्णांनी डबा पुढे केला. भिक्षूंनी दोन दाणे उचलले, खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं. मग झाडू भिंतीला टेकवून तेही टेकले.

देवळांत भविष्याच्या चिठ्ठ्या मिळतात. डबी हलवायची, काडी निघेल त्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. वाईट निघाली तर तिथल्याच तारेला बांधून टाकायची, म्हणजे वाईट तिथेच राहतं. अण्णा ती बांधत नसत. चांगली निघेपर्यंत पुन्हा काढत. मी म्हटलं, "अण्णा, हे काही बरोबर नाही. नशीब एकदाच बघायचं असतं."

"तू मंडईत आंबा घेतोस तेव्हा पहिला हाताला लागेल तोच घेतोस का?"

"आंब्याची गोष्ट वेगळी."

"का? आंबा तर दोन दिवसांत संपतो. इथं वर्षाचा प्रश्न आहे."

पण त्यांची खरी झुंज व्हायची फोटोवरून. मोठ्या देवळांच्या गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई असते. एकदा अण्णा आत जाऊन मूर्तीसमोर उभे राहिले, मूर्तीकडे पाठ केली, दाराबाहेरच्या अंगणावर कॅमेरा रोखला. राखणदार धावत आला. अण्णांचं जपानी म्हणजे चाळीसेक शब्द आणि बाकी सगळं वाकणं. त्यांनी वाकून सांगितलं की आतला फोटो काढायला मनाई आहे हे मान्य, मी बाहेरचा काढतोय. राखणदार पाटी वाचायला गेला. परत आला. त्याने वरच्या माणसाला बोलावलं. त्याने आणखी एकाला. तिघांनी बाजूला जाऊन बराच वेळ खल केला. शेवटी निर्णय असा झाला की अण्णा-सान आत उभे राहू शकतात, पण कॅमेरा उंबऱ्याच्या बाहेर असला पाहिजे. मग अण्णा उंबऱ्याशी गुडघे टेकून, दोन्ही हात बाहेर लांबवून, भिंगात न बघताच फोटो काढत राहिले आणि ते तिघं वाकून वाकून कॅमेरा रेषेच्या आत येत नाही ना ते बघत राहिले. तो फोटो मी पाहिला आहे. त्यात अर्धं अंगण आणि एका राखणदाराचा कान आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात अण्णांनी कामाकुराच्या पुढे डोंगरातल्या एका देवळाची सहल काढली. त्या दिवशी आमच्या क्लायंटचे मोठे साहेब हौसेने आमच्याबरोबर आले होते. भारताबद्दल त्यांना फार कुतूहल. गाडीत मी त्यांच्या शेजारी बसलो आणि तास-दीड तास आपल्या संस्कृतीबद्दल बोलत राहिलो. आमच्याकडे देवळांची दारं सदा उघडी असतात, देवाच्या दारात कोणी खोटं वागत नाही, असंही एक वाक्य मी बोललो. ते मला नीट आठवतं.

देवळापाशी पोचलो. सभागृहात जाताना बूट काढून बाहेरच्या फळीवर ठेवायचे होते. माझे बूट नवे कोरे होते. पुण्यात देवळाबाहेरून माझ्या चपला दोनदा गेलेल्या. तेव्हापासून हाताला सवयच जडली होती: एक इकडे ठेवायची, एक तिकडे. चोराला जोड हवा असतो, एका चपलेचं तो काय करणार? पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तर हाताने आपोआप डावा बूट फळीवर ठेवला आणि उजवा तळ्याकाठच्या दगडी दिव्यामागे. डोक्याने त्यात भागच घेतला नाही.

आम्ही तासाभराने बाहेर आलो तेव्हा तळ्याभोवती धावपळ चालू होती. दोन तरुण भिक्षू लांब बांबूंनी तळ ढवळत होते. एक तिसरा गुडघाभर पाण्यात उतरला होता. काठावर थोरले भिक्षू उभे होते आणि त्यांच्या हातात माझा उजवा बूट होता. तिथे सेवेला येणाऱ्या एका बाईंना तो तळ्याशी सापडला होता. एकच बूट, तोही पाण्याच्या काठाला, म्हणजे माणूस घसरून पाण्यात गेला. त्यांच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. एक बूट मुद्दाम लपवून ठेवणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

थोरल्या भिक्षूंनी बूट उंच धरून विचारलं, हा कोणाचा?

अण्णा सहलीत माणसं मोजत नसत, फळीवरचे जोड मोजत. माणसं हलतात, बूट हलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फळीकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "आपल्यात एक जण अर्धाच आलाय." मग एकेकाच्या पायांवरून नजर फिरवत ती माझ्यावर आणून थांबवली.

मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दोन पावलं पुढे जाऊन म्हणायचं, माझा. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तिथे का ठेवलास? आणि माझ्या शेजारी मोठे साहेब उभे होते. देवाच्या दारात आमच्याकडे जोडे चोरीला जातात, हे त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने सांगणार? मी तळ्याकडे बघू लागलो. जणू कोण बुडालं याची मलाही काळजी लागली होती.

अण्णा पुढे झाले. कमरेत पार वाकले आणि म्हणाले, "माझा."

तळ ढवळणं थांबलं. थोरल्या भिक्षूंनी विचारलं, दुसरा तिकडे आणि हा इकडे का? अण्णांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं. मग आपल्या चाळीस शब्दांत आणि हातवाऱ्यांत सांगितलं की भारतात ही फार जुनी रीत आहे. डावा पाय घरातून येतो, उजवा देवाकडे जातो. दोघांची कामं वेगळी, म्हणून दोघांचे बूट वेगळे ठेवतात.

"नारुहोदो!" थोरले भिक्षू म्हणाले. म्हणजे, असं आहे होय! पाण्यातला भिक्षूही पाण्यातूनच म्हणाला, नारुहोदो. मोठे साहेब माझ्याकडे वळले. "खरंच?"

"हो," मी म्हटलं. "फार जुनी रीत आहे."

आता ते बूट अण्णांना घालणं भाग होतं, कारण सगळं देऊळ बघत होतं. अण्णांचा पाय दहा नंबरचा, माझे बूट सातचे. पायरीवर बसून त्यांनी पाय त्यात कसे कोंबले ते देव जाणे. त्या देवाला तरी ते नक्की दिसलं असेल. भिक्षू आम्हाला वेशीपर्यंत सोडायला आले. मोठे साहेब थेट टोकियोपर्यंत बरोबर होते. त्यामुळे डोंगर उतरून, गाडी बदलून, हिगाशी-कसाईतल्या घरापर्यंत अण्णा माझ्या बुटांत चालले. मागून मी त्यांच्या ऐसपैस चपला ओढत येत होतो. माझ्या पायांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे त्यांच्या पायांकडे बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी चपला पिशवीत घालून परत करायला गेलो. अण्णांनी माझे बूट पॉलिश करून ठेवले होते. मी काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाले, "जाऊ दे रे. चहा घे."

इथवर झालं ते भित्रेपणाचं होतं. पुढे केलं ते त्याहून वाईट. पहिल्याच एकत्र फराळाला कोणीतरी विचारलं, "अण्णा, काय ते तळ्याचं लफडं?" अण्णांच्या तोंडात चकली होती. मी उभा राहिलो आणि गोष्ट सांगायला लागलो. मला नकला चांगल्या येतात. अण्णांचं वाकणं, भिक्षूंचं नारुहोदो, ढवळणारे बांबू. लोक लोळायला लागले. मग मी जरा मीठमसाला घातला. अण्णा चिक्कू, बूट जपायला गेले. अण्णांना रडू आलं. अण्णा पँट दुमडून स्वतःच स्वतःला शोधायला पाण्यात उतरले. अण्णाही हसत होते, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. सांगलीच्या बायकांना विनोद कळत नाही, असा मी निष्कर्ष काढला.

त्यानंतर दर गणपतीला, दर दिवाळीला फर्माईश होऊ लागली. काही दिवसांनी सहलींचा विषय निघाला, तेव्हा "अण्णांच्या हाती माणसं दिली तर आपल्याला तळी उपसत फिरावं लागेल," हे वाक्य मीच टाकलं. हशा झाला आणि हशातच सहली माझ्याकडे आल्या. अण्णा म्हणाले, "बरं झालं, माझे गुडघे सुटले." पुन्हा ते एकाही सहलीला आले नाहीत. माझ्या सहली वेळेवर निघत, वेळेवर परत येत. हातात झेंडा, गळ्यात शिट्टी. प्रत्येक देवळासमोर सगळ्यांना ओळीने उभं करून, उन्हाने डोळे बारीक झालेले ग्रुप फोटो. कोणी कुठे टेकलं नाही.

मोठ्या साहेबांचंही सांगून टाकतो. ते पुढे कामानिमित्त पुण्याला आले, तेव्हा मीही सुट्टीवर तिथेच होतो. त्यांना एका देवळात नेलं. त्यांनी अत्यंत भक्तिभावाने एक बूट दाराच्या डाव्या बाजूला ठेवला, चालत जाऊन दुसरा उजव्या बाजूला पारामागे ठेवला आणि दोन्हीकडे वाकून नमस्कार केला. बाहेर आलो तेव्हा आमच्यातल्या एकाच्या चपला गेल्या होत्या. साहेबांचे दोन्ही बूट जागेवर होते. "रीत पाळणाऱ्याला देव सांभाळतो," साहेब म्हणाले.

ही जपानला आली तेव्हा तिलाही मी माझीच आवृत्ती सांगितली. ती हसायची. आता तिला जाऊन काही वर्षं झाली. तिला खरं सांगायचं राहून गेलं, आणि ज्यांना अजून सांगता येईल अशी माणसंही आता फार उरलेली नाहीत, हे मनात घेऊनच मी यंदा जपानला आलो. मुलगा टोकियोतच, कोतो भागात राहतो. अण्णा आणि वहिनी आता टोकियोबाहेर त्सुकुबाला असतात. मी फोन केला, "अण्णा, जुनी देवळं पुन्हा बघू या." टोकियो स्टेशनवर भेटलो. अण्णा सत्तरी पार केलेले, हातात काठी, गळ्यात तोच कॅमेरा, पाठीवर तीच पिशवी.

"फोनने फोटो काढतोस?" माझ्या हाताकडे बघून ते म्हणाले. "म्हणजे देवाशी फोनवर बोलल्यासारखंच झालं."

गाडीत मी सुरुवात केली. "वहिनी, ते जुनं बुटाचं..."

"भडंग घे," अण्णा म्हणाले. गाडीत खात नाहीत इथे. त्यांनी डबा उघडलासुद्धा होता.

पहिल्या देवळात पुन्हा म्हटलं, "वहिनी, मला तुम्हाला एक..."

"तो कावळा बघ, कसला मोठा आहे!"

दुपारी मोठ्या बुद्धापाशी आलो. मी बुद्धाचे चार-पाच फोटो काढले, एकात मीही आलो. अण्णांनी मला खांद्याला धरून वळवलं. "आता इकडं बघ. तो हेच बघतोय." पिवळ्या टोप्यांची एक शाळा फाटकातून आत येत होती. सगळी पोरं एकदम वर बघत होती आणि सगळ्यांची तोंडं उघडी होती. अण्णा काठी टेकत तिकडे धावले. वहिनी आणि मी बाकावर टेकलो.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून तुम्ही काहीतरी गिळताय. भडंग तर नाही ते."

मी सांगून टाकलं. बूट, दिवा, साहेब, सगळं. वहिनी पोरांकडे बघत ऐकत होत्या.

"झालं?"

"झालं."

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"कोंबिनीच्या दुकानातली माझी ड्युटी संपवून घरी आले, तर हे बादलीत पाय घालून बसलेले. टाचा सोलून निघालेल्या. विचारलं तर म्हणे, नवे बूट चावले. घरात नवे बूट होते कुठं? बायकोला नवऱ्याच्या पायाचं माप माहीत नसतं होय? आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही यांच्या चपला पिशवीतून घेऊन आलात, तेव्हा दार मीच उघडलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून." त्यांनी पर्सचा बंद घट्ट केला. "दर दिवाळीला वाटायचं, यंदा सांगतील. तुम्ही उभे राहायचात आणि नवीन काहीतरी जोडायचात. एका वर्षी तर यांना तळ्यात पाडलंत."

"हो."

"मासे पण होते त्यात."

"हो. मासे मी नंतर घातले."

"बुटाचं काही नाही हो भाऊजी. यांना सवय आहे. पण तुम्ही यांचं फिरवणं काढून घेतलंत. त्यानंतर वर्षभर सहलीच्या रविवारी हे सकाळी आवरून, कॅमेरा गळ्यात घालून बसायचे. खालून तुमच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. मग उठून कॅमेरा कपाटात ठेवायचे."

समोर अण्णा गुडघ्यावर बसून पोरांचे फोटो काढत होते आणि पोरं त्यांना दोन बोटं दाखवत होती.

थोड्या वेळाने ते धापा टाकत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगितलंस वाटतं. तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं झालंय."

"अण्णा, शनिवारी गणपतीच्या कार्यक्रमाला मला बोलावलंय. तिथे मी सगळ्यांना सांगणार आहे."

"अजिबात नाही. ती गोष्ट आता माझी आहे. वीस वर्षं मी ती कसतोय. सातबारा माझ्या नावावर झालाय."

"पण ती खोटी आहे."

"म्हणून काय झालं? त्सुकुबात नवीन पोरं येतात, भाषा येत नाही, कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा कळत नाही, घाबरून बसलेली असतात. त्यांना मी पहिली हीच गोष्ट सांगतो. आपल्यापेक्षा मोठं गाढव इथं टिकलंय म्हटल्यावर जरा धीर येतो त्यांना."

"गाढव व्हायचंय तर स्वतःच्या कर्तबगारीवर व्हा," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या बुटावर कशाला?" मग माझ्याकडे वळून, "जिथं खोटं सांगितलंत तिथंच खरं सांगा. चारचौघांत."

शनिवारी दुपारी हिगाशी-कसाईतला भाड्याचा हॉल भरला होता. गणपती बसले होते, मोदक वाटून झाले होते. पुण्याहून आलेली एक तरुण मुलगी सूत्रसंचालन करत होती. ती म्हणाली, "ज्या गोष्टीबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलंय, ती आज ओरिजिनल काकांच्या तोंडून!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अण्णा आणि वहिनी.

मी माईक घेतला आणि जसं घडलं तसं सांगितलं. बूट माझा होता, मी गप्प बसलो, अण्णांनी तो स्वतःवर घेतला, नंतर मी त्यांची टवाळी करत राहिलो. मी माफी मागितली. मागे कोणीतरी दोनदा टाळी वाजवून थांबलं. एका छोट्याने आईला जपानीत काहीतरी विचारलं आणि आईने त्याला गप्प केलं. नंतर कळलं, तो विचारत होता, गंमत कधी येणार?

सूत्रसंचालन करणारी मुलगी अवघडून म्हणाली, "काका, ते तळ्यात पडतात तो भाग?"

"ते कधी पडलेच नाहीत."

"ओह."

तेवढ्यात अण्णा काठी टेकत उठले. "अहो, याचं वय झालंय," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "सगळं विसरलाय. द्या इकडं, मी सांगतो." माईक त्यांनी माझ्या हातून काढूनच घेतला. मग बांबू आले, नारुहोदो आलं, रडणं आलं, अण्णा तळ्यात पडले. एक मासा त्यांच्या खिशात गेला, हे मला नवीन होतं. हॉल नुसता कोसळत होता. तो छोटा खुर्चीवरून खाली आला.

मी स्टेजवर कडेला उभा. माझी कबुली सगळ्यांनी ऐकली होती आणि कोणीच ऐकली नव्हती. त्या डोंगरावर त्यांनी जे केलं तेच ते आत्ता पुन्हा करत होते, हे त्या हॉलमध्ये आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मी खाली उतरून त्या खुर्चीवर जाऊन बसलो.

"सांगितलंत," त्या समोर बघत म्हणाल्या. "यांनी घोळ घातला, ते वेगळं."

"आता काय करू?"

"लिहा. लिहिलेल्यात हे मधेच उठून बोलू शकत नाहीत."

म्हणून लिहिलं. तो बूट माझा होता. उजव्या पायाचा, काळा, सात नंबरचा. अण्णा चिक्कू नव्हते, रडले नाहीत, पाण्यात उतरले नाहीत. त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी 'माझा' म्हटलं आणि टाचा सोलून घेतल्या. सहली त्यांच्याकडून मी काढून घेतल्या, आणि त्या माझ्यापेक्षा ते चांगल्या चालवायचे.

पुढच्या गणपतीत ते पुन्हा उभे राहतील आणि तीच गोष्ट सांगतील. मासे बहुधा वाढलेले असतील. तुम्ही हसाल. खुशाल हसा, सांगतातही ते झकास. फक्त घरी जाताना गाडीत शेजारच्याला हळूच सांगा, की बूट त्यांचा नव्हता.